दार सरळ होतं

अल-अताया, ५ ऑक्टोबर

नझीहा, पोरी,

तुझी खुशाली विचारणार होते, पण आधी मला श्वास घेऊ दे. पाच वर्षांनी तुझं उत्तर आलं. वसीला अंगणातून मोबाईल नाचवत पळत आली, "उम्मी, आलं, नझीहाचं आलं!" मी बार्लीचं पीठ चाळत होते. चाळणी हातातून सुटली, पीठ कोंबड्यांनी खाल्लं. म्हटलं, वाच. काय लिहिलंय माझ्या लेकीने?

"खालची ओळ कापली गेली आहे. मोबाईल कागदाच्या बरोबर वर धर, तिरका नको."

बस. संपलं.

मी वसीलाला पुन्हा वाचायला लावलं, मग पुन्हा. म्हटलं, तू काहीतरी गाळतेयस, सुनांना सवयच असते. ती म्हणाली, "उम्मी, देवाशप्पथ एवढंच आहे." मी पायरीवर जी बसले ती उठलेच नाही. आई काळीज उघडं करून दाखवते आणि लेक म्हणते, कड कापली गेली!

आता तूच सांग, खालची ओळ कुठली हे मला कसं कळायचं? मला अक्षर येत नाही हे तू विसरलीस? माझ्या लेखी कागद म्हणजे ओल्या वाळूवर पक्षी चालून गेलेला. तूच निघताना म्हणालीस, "उम्मी, आवाज पाठवू नकोस, तुझा आवाज आला तर मी उघडणारच नाही." म्हणून मी बोलते, तुझी भावजय वसीला लिहिते, आणि कागदाचा फोटो मी काढते. ती म्हणाली होती, "मी काढते ना." मी म्हटलं, नाही. बोलणं माझं, अक्षर तुझं, पण पाठवणार मीच. काहीतरी माझ्या बोटाने तिच्यापर्यंत जाऊ दे.

कापलेल्या ओळीत काय होतं तेही सांगते. त्यात होतं, "बाबा तुझी वाट बघतायत." वसीला म्हणते, बरं झालं कापली, तशीही खोटीच होती. म्हटलं, हेही लिही. लिहिलंय तिने, चेहरा आंबट करून.

पण एक गोष्ट मला कळली. कड कापलेली दिसली, म्हणजे तू कडेपर्यंत पाहिलंस. मग असंच करू. तुझ्या भावाने, मुख्तारने, नवा मोबाईल घेतला आणि जुना मला दिला, कोपऱ्यात काच तडकलेली, ती नातवंडांची कृपा. मी फोटो काढून पाठवीन, तू चुका काढ. तिकडे समुद्रापलीकडे मार्सेयला फोटोच्या दुकानात दिवसभर परक्या लोकांचे पासपोर्टचे चेहरे सरळ करतेस, थोडं आईलाही सरळ कर. प्रेमाचं काही लिहू नकोस, उगाच त्रास नको तुला.

तुझी आई सलूहा, जिला घरातली पोरं मीमा म्हणतात आणि शेजारीण थेरडी म्हणते. मी ऐकलंय.

*

अल-अताया, १७ ऑक्टोबर

नझीहा,

वसीलाला म्हटलं, पहिल्याच ओळीत लिही की म्हातारी हबकली आहे.

मी तुला घराचा फोटो पाठवला. घर, खजूर, दोरीवरचे कपडे, किनाऱ्याला लागलेली होडी, कोंबड्या, वसीला, वसीलाच्या हातातलं घमेलं, सगळं बसवलं एका चौकटीत. घामाघूम झाले. सगळं बसावं म्हणून मागे सरकत सरकत शेजारणीच्या अंजिरात शिरले. आणि तू काय विचारतेस? "काय दाखवायचं आहे?"

काय दाखवायचं आहे! पोरी, घर दाखवायचं आहे! तू जन्मलीस ते घर!

वसीला हसायला लागली. मी रागावून तो फोटो तिच्यासमोर धरला, म्हटलं सांग, यात काय दिसतंय? ती बघत राहिली आणि म्हणाली, "उम्मी, मला माझं घमेलंच दिसतंय." मग मीही बघितलं. खरंच. नुसतं घमेलं. ऊन पडून चमकत होतं मेलं, घराकडे कोण बघतंय!

मग तुझं दुसरं आलं. "एकच गोष्ट निवड. बाकीचं बाहेर काढ. जवळ जा." म्हणून दोरीवर वाळत घातलेल्या ऑक्टोपसच्या जवळ गेले. इतकी जवळ गेले की त्याचं पाणी काचेवर टपकलं आणि खालच्या मांजरीने माझ्या पायावरच उडी मारली. तो फोटो तुला आवडला असं मी समजते, कारण तू फक्त "समुद्राची रेघ उतरती आहे, पाणी सांडेल" एवढंच लिहिलंस. माझ्या लेकीने थट्टा केली की काय? वसीलाला विचारलं, ही थट्टा आहे का? ती म्हणाली, वाटतेय तरी. मी त्या दिवशी कोणाशी भांडले नाही.

पण कालचं काही मला पटलेलं नाही. "मधोमध ठेवू नकोस." का गं? नवरीला आपण मधोमध बसवतो. कुसकुसच्या परातीत मासा मधोमध ठेवतो. कोपऱ्यात कोणाला ठेवतात? ज्याच्याशी बोलायचं नसतं त्याला. तरी तू म्हणालीस म्हणून मांजरीला बाजूला घेतलं, आणि बघते तर काय, मांजर ज्या बाजूला बघतेय तिकडची मोकळी जागा एकदम बोलायला लागली! तिथे काहीच नव्हतं, तरी वाटलं की आता कोणीतरी येणार आहे. वसीलाला म्हटलं, हे लिही पण जास्त लिहू नकोस, तिला वाटेल म्हातारी शिकली.

*

अल-अताया, ४ नोव्हेंबर

नझीहा,

माशांसाठी शरफियाची कुंपणं लावायला सुरुवात झाली. तुझ्या बापाने झावळ्या होडीत रचल्या आणि निघाला. डबा विसरला, नेहमीसारखा, म्हणून मीही चढले. खरं सांगायचं तर डबा मीच लपवला होता. मला होडीतून फोटो काढायचे होते.

तू काहीही म्हण, आपला समुद्र फोटोसाठीच केलेला आहे. गुडघाभर पाणी लांबपर्यंत, आणि त्यात रोवलेल्या झावळ्यांची भिंत सरळ निघालेली. मी नाळेवर बसले आणि तू शिकवलंस तसं रेघ आडवी धरली, भिंत एका कोपऱ्यातून आत आणली. आणि माझा डोळा आपोआप भिंतीच्या कडेकडेने चालत शेवटच्या जाळीपर्यंत गेला! मी ओरडलेच, "अरे अम्मार, हे बघ, कुंपण डोळ्याला ओढून नेतं!"

तुझा बाप पाण्यात उभा राहून झावळी रोवत होता. मान न वळवता म्हणाला, "डोळ्याला कशाला नेईल? माशाला नेतं. मासा भिंत बघतो, खोल पाण्याकडे वळतो, आणि खोल पाणी समजून आपल्या जाळीच्या खोलीत शिरतो. तुझा डोळाही तेवढाच मूर्ख असेल." मग आणखी एक झावळी रोवून म्हणाला, "त्या मार्सेयवालीला हे माहीत असेल. लहानपणी मीच दाखवलं होतं."

नाव नाही घेतलं. पण मार्सेयवाली म्हणाला. माझ्या हातून मोबाईल पाण्यातच पडायचा.

आणि लगेच मी त्याच्याकडे मोबाईल वळवला तर झालंच! तुला ते माहीतच आहे, मुख्तारच्या लग्नाचे फोटो त्याने तुला पाठवले होते. नवरा, नवरी, आणि बाजूला तुझा बाप: दोन्ही डोळे गच्च मिटून, नाक फेंदारून, तोंड उजव्या कानापर्यंत ओढून. व्याही म्हणाले, यांना काही दुखतंय का? तू गेल्यापासून मोबाईल दिसला की हे सोंग. या वेळचे दोन पाठवतेय, बघ आणि हस. मला तर आता त्याचं खरं तोंड कसं दिसतं तेही आठवत नाही.

मी कोणाची बाजू घेत नाही. तू काढलेला तो फोटो मीही बघितला होता. वादळाने शरफिया मोडून नेली ती सकाळ, चिखलात बसलेला माणूस, फाटकी विजार, डोळ्यांत पाणी. लोक म्हणतात फोटो फार चांगला होता, बक्षीस मिळालं. पण तू त्याला न विचारता स्फाक्स शहरात प्रदर्शनाच्या भिंतीवर टांगलंस, आणि लूद बोटीवरून बेटावर उतरणारा प्रत्येक जण त्याला हाक मारून जायचा, "अम्मार, विजार शिवलीस का रे?" त्याने तुझा कॅमेरा समुद्रात टाकला. तू म्हणालीस, बाबा माफी मागेपर्यंत या बेटावर पाय ठेवणार नाही. तो म्हणाला, नको ठेवूस. मी मध्ये उभी होते, कोणी मला काही विचारलं नाही.

वसीला म्हणते, हे लिहायला नको होतं. पण शाई वाया कशाला घालवू?

*

अल-अताया, २० नोव्हेंबर

नझीहा,

तुझं ते तीन शब्दांचं उत्तर मी जपून ठेवलंय. "हे बाबा म्हणाले?" त्यात चूक काढलेली नव्हती. मी ते वसीलाकडून रोज वाचून घेते, ती आता न बघताच म्हणते.

म्हणून आज ठरवलं की त्याचाच फोटो काढायचा, आणि असा काढायचा की तुला बोट ठेवायला जागा राहू नये. सकाळचं ऊन माझ्या पाठीशी घेतलं. त्याला दारात बसवलं. दाराची चौकट उभी सरळ धरली, वसीलाला विचारून खात्री केली. कोंबड्या हाकलल्या. घमेलं उचललं. त्याला मधोमध नाही बसवलं, तो समुद्राकडे बघतो त्या बाजूला मोकळी जागा सोडली. पोरी, मी श्वास रोखून धरला होता.

आणि त्या म्हाताऱ्याने काय केलं बघ! तोंड वाकडं! पाठवलाय फोटो, बघच. आज तर डोळे मिटायचेही कष्ट घेतले नाहीत, नुसतं तोंड खाली सोडून बसला, हे बघ मी किती कंटाळलोय म्हणून. मी म्हटलं, "अरे, एक दिवस तरी माणसासारखा बस!" तर काहीतरी पुटपुटला, ओठाखाली तपकीर धरलेली असणार, एक शब्द कळला तर शपथ. वर चहाचा पेलाही हातातून पाडला, माझा तो सोनेरी कडेचा. मी म्हटलं, रागच काढायचा तर पेल्यावर कशाला काढतोस, माझ्यावर

मोबाईल वाजतोय. वसीलाचा चेहरा पांढराफटक झालाय. तुझं नाव आहे म्हणते. तू? आवाजाने?

*

स्फाक्स, २३ नोव्हेंबर

नझीहा,

वरचं पान अर्धवट राहिलं, ते तसंच पाठवतेय. वसीला लेखणी टाकून उठली तिथेच ते थांबलंय. आम्ही दोघी दवाखान्याच्या ओट्यावर बसलोय. आत एकालाच सोडतात, आता मुख्तार आहे.

तू फोनवर होतीस, सगळं ऐकलंस. पण तू बघितलं नाहीस, म्हणून सांगते. मलाही अजून नीट कळलेलं नाही, बोलताना कळेल कदाचित.

तू म्हणालीस, "उम्मी, दार सरळ आहे."

पाच वर्षांनी तुझा आवाज. मला वाटलं माझं कौतुक करायला फोन केलास. मी म्हटलं, "हो ना! शिकले ना मी?"

तू म्हणालीस, "उम्मी, ऐक. दार सरळ आहे. बाबा सरळ नाहीत."

आणि मी हसले. पोरी, मी हसले! म्हटलं, ते कधी होते? तेव्हा तू ओरडलीस, त्याच्यासमोर मोबाईल धर, चेहरा दिसेल असा धर. मी धरला. तू काचेत दिसलीस, केस कापलेले, मागे पांढरा पडदा. तुझ्या बापाने तुला बघितलं. तू म्हणालीस, "बाबा, ते सोंग करा. मुख्तारच्या लग्नातलं. माझ्यासाठी करा."

त्याने केलं, नझीहा. म्हणजे करायला गेला. उजवी बाजू कानाकडे गेली, डोळा गच्च मिटला, आणि डावी बाजू तशीच राहिली. ओल्या फडक्यासारखी लोंबत. डावा डोळा उघडाच, तुझ्याकडे बघत. पाच वर्षं कोणी न सांगता जे केलं ते लेकीने मागितलं त्या दिवशी त्याला येईना. त्यालाही ते कळलं. तो पुन्हा करायला लागला. पुन्हा. मी म्हटलं, पुरे, अम्मार, पुरे रे.

मी त्याच्या समोर उभी होते. हात लांबवला तर गालाला लागेल इतकी. ऊन बघितलं, चौकट बघितली, कोंबड्या बघितल्या. सगळं बघितलं, त्याला नाही बघितलं. तू समुद्राच्या पलीकडून बघितलंस. वसीलाने तुला विचारलं, कसं ओळखलंत? तर तू म्हणालीस, "खोटं तोंड वर जातं. हे खाली गेलंय. मी दिवसभर हेच बघते." हे एवढं शांतपणे म्हणालीस आणि मग तुझा आवाज फाटला.

पुढचं ऐक. शेजाऱ्याच्या मासळीच्या टेम्पोत त्याला बसवला. रम्ला गावच्या डॉक्टरने हात वर करायला सांगितले, डावा वर येईना. तो म्हणाला, इथे थांबू नका, लूद पकडा, स्फाक्सला न्या, मी तिकडे कळवतो. बंदरात पोचलो तर लूदचा फाळका उचलायला लागले होते. आणि मग मी जे बघितलं त्याने माझी उरलीसुरली शुद्ध गेली. आपली वसीला, जी मासळीवाल्याशीही भाव करत नाही, ती धावत जाऊन त्या फाळक्यावर उभी राहिली. "माझ्या सासऱ्यांना घेतल्याशिवाय हलवायची असेल तर आधी मला तुडवा! चला, तुडवा!" डोक्यावरचा रुमाल खांद्यावर, एका पायात चप्पल. खलाशी म्हणाला, "बाई, उतरा, घेतो, घेतो." हे ती स्वतःच लिहितेय आणि लाजून कागदावर वाकलीय. म्हणते, हे गाळू या. एक अक्षर गाळलंस तर बघ, म्हटलं.

लूदवर तुझ्या बापाने कशाबिया झग्याची टोपी नाकापर्यंत ओढली. अर्ध्या जिभेने म्हणाला, "सगळं बेट बघतंय." मला वाटलं विजारीची आठवण आली त्याला. पण कोणी काही बोललं नाही. एका म्हाताऱ्याने आपली उशी दिली. तोच म्हातारा, जो विजारीवरून सगळ्यात जास्त हसायचा. त्याने उशी ठेवली आणि समुद्राकडे बघत उभा राहिला.

इथला डॉक्टर म्हणाला, डोक्यात रक्ताची गाठ अडकली होती, वेळेत आणलंत म्हणून माणूस राहिला. विचारलं, पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं? मी म्हटलं, माझ्या लेकीच्या, मार्सेयहून, फोटोवरून. तो माझ्याकडे असा बघायला लागला, जशी काही माझ्याही डोक्यात गाठ अडकलीय.

तू मुख्तारला रोज फोन करतेस. मला करतेस. त्याला दे असं म्हणत नाहीस. तोही फोन वाजला की दाराकडे बघतो आणि कोणाचा म्हणून विचारत नाही. दोघांनी मिळून मला वेडं करायचं ठरवलंय का?

*

अल-अताया, १८ डिसेंबर

नझीहा, पोरी,

आम्ही घरी आलो. डावा हात अजून झोपलेलाच असतो, पाय थोडा ओढतो, बोलणं येतं पण शब्द ओले बाहेर पडतात. चेहरा डॉक्टर म्हणतात हळूहळू सावरेल, पूर्ण नाही. शरफियाच्या उरलेल्या झावळ्या मुख्तारने सुट्टी काढून लावल्या. तुझ्या बापाने किनाऱ्यावर खुर्ची टाकून त्याला इतक्या शिव्या दिल्या की मुख्तार म्हणाला, जीभ बरी झाली वाटतं.

मी मोबाईल हातात घेतला नव्हता. भीती बसली होती. वाटायचं, आता काढला तर त्यात आणखी काहीतरी दिसेल. तू दोनदा विचारलंस, फोटो का नाही पाठवत? मी उत्तरच दिलं नाही. आता तुला कळलं असेल, उत्तर न येणं कसं असतं ते. जाऊ दे.

काल मात्र जे झालं त्याने मी अजून सावरलेली नाही.

तो दारात बसला होता, त्याच जागी. वसीला मटार सोलत होती. तो तिला म्हणाला, "तो विजारीचा फोटो... तिच्याकडे अजून असेल का?"

वसीलाने माझ्याकडे बघितलं. मी सुपातले खडे शोधायला लागले. ती म्हणाली, "असेल की बाबा. नणंदबाई काही टाकत नाहीत."

त्याने उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर ठेवला. मग मला म्हणाला, "सलूहा, त्यात माझं तोंड सरळ होतं का गं?"

मी काय सांगू? म्हटलं, "सरळ होतं. रडत होतास, पण सरळ होतं."

"हं," म्हणाला. "मी बघितलाच नव्हता नीट. विजारच बघितली." मग हात पुढे केला. "मोबाईल आण."

"कशाला? समुद्रात टाकायला?"

"आण म्हणतो ना."

आणला. त्याने उजव्या हातात धरला, कॅमेरा टाकला होता त्याच हातात, आणि मला म्हणाला, "तिथे उभी राहा." मी! मी उभी राहायची! म्हटलं, ऊन तुझ्या पाठीशी घे, तर म्हणाला, "तू गप्प उभी राहा."

"हस."

"कुठल्या दातांनी हसू?"

"मग तोंड मीट. हलू नकोस. सलूहा, हलतेयस."

"म्हातारी आहे, वारा लागला तरी हलते."

वसीला मटाराच्या टोपल्यात तोंड लपवून हसत होती. त्याने इतका वेळ लावला की मांजर येऊन माझ्या पायावर झोपली. मग एकदाचं बोट दाबलं, तेही दोनदा. तुझ्या बापाने आयुष्यात काढलेला हा पहिला फोटो. पाठवतेय.

बघितलास? माझं डोकंच नाही त्यात! हनुवटीपासून खाली सुरू होते मी. एका कोपऱ्यात त्याचा अंगठा आहे, झावळीएवढा. समुद्र असा उतरलाय की सगळं पाणी शेजारणीच्या घरात जाईल. आणि मधोमध काय आहे, तर वसीलाचं घमेलं. इतके दिवस मी जे शिकले त्यातली एकही गोष्ट त्या माणसाने ठेवली नाही.

मी तोंड उघडलं होतं सांगायला. पण तो फोटोकडे बघत होता, भुवया आवळून. म्हणाला, "चुका असतील यात."

म्हटलं, "आहेत की, भरपूर आहेत."

"तू सांगू नकोस," म्हणाला. "तिला सांगू दे."

तेव्हापासून मोबाईल त्याच्या मांडीवर आहे. मला हात लावू देत नाही. हे पान पाठवण्यापुरता मागून घेतलाय, लगेच परत द्यायचाय. जेवतानाही परातीशेजारी ठेवला होता. शेजारणीचा फोन आला तर दचकला आणि मग तिच्यावरच खेकसला. माफीची वाट बघत असशील तर मी काही सांगू शकत नाही. ती त्याच्या जिभेवर पूर्वीही येत नव्हती, आता तर जीभच अर्धी राहिली आहे. पण तो फोटो घेऊन बसलाय, आणि त्यातली एकही चूक मी सांगितलेली नाही. सगळ्या तुझ्यासाठी ठेवल्यात. एका फोनमध्ये संपणार नाहीत इतक्या आहेत. काही तर इथे दारात उभं राहूनच दाखवाव्या लागतील, रेघ कशी धरायची, अंगठा कुठे ठेवायचा.

अक्षरात लिहू नकोस. त्याचा चष्मा लूदवर पडला. आवाजाने सांग.

या वेळी मोबाईल कागदाच्या बरोबर वर धरलाय, खाली दोन बोटं जागा सोडून. वसीलाने शेवटच्या ओळीवर बोट ठेवून दाखवलं की ती चौकटीत आली आहे. तीच ओळ आहे, पहिल्या वेळी कापली गेलेली. लिहिताना वसीलाने तोंड आंबट केलं नाही.

बाबा तुझी वाट बघतायत.